राखण

(राजापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे. वक्त्यांच्या अवांतराला मात्र हात लावलेला नाही.)

नमस्कार. सुरुवात करण्याआधी टेबलावरच्या ह्या दोन ग्लासांकडे बघून घ्या. पाणीच आहे, अध्यक्षांनी काळजी करू नये. डावीकडच्या ग्लासात मी आता जे ढेकूळ सोडतोय ते माझ्या राखलेल्या कुरणातलं. उजवीकडचं पलीकडच्या सड्यावरचं, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळी रानातलं, जिथं गुरं बारमाही उनाड असतात आणि शिमग्याच्या आगेमागे वणवा लागतो. आता ह्यांना कुणी हलवू नका. शेवटी बघू काय होतं ते.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘उजाड चराऊ रानांचे पुनरुज्जीवन व मातीतील सेंद्रिय कर्ब’. हे बारसं मी केलेलं नाही. मी फोनवर एकच शब्द सांगितला होता, ‘राखण’. तर चिटणीस म्हणाले, मास्तर, राखण लिहिलं तर लोक कोंबडा घेऊन येतील. (हशा.) खरं आहे. आपल्याकडे राखण म्हटलं की गावचा राखणदार, त्याचा मान, त्याचा कोंबडा आणि बारा गावच्या म्हाराजाला गाऱ्हाणं. बघू, सवय आहे का अजून... व्हय म्हाराजा? (सभागृहातून: व्हय म्हाराजा!) आहे. म्हणजे मंडळी जागी आहेत.

पण राखण गुरांचीही असायची, आणि मला बोलायचंय ते तिच्याबद्दल. भाताची लावणी झाली की एकही जनावर सुटं फिरता कामा नये, म्हणून वाडीत पाळी असायची. ज्याची पाच गुरं त्याचे जास्त दिवस, ज्याची एक म्हैस त्याचा एखादा. आमच्या घरची पाळी आली की माझी शाळा बुडायची, आणि ज्यानं पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं त्याला गवताचं शास्त्र शाळा बुडवून कळलं, ही त्यातली गंमत. डोक्यावर इरलं, हातात काठी, आणि आजोबांचा हुकूम: गणपती होईपर्यंत वरच्या सड्याला गुरं लावायची नाहीत. खालच्या वरकसात, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत चारायची, आज ह्या गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या आत, चार दिवसांनी त्या. वरचं गवत दसऱ्यानंतर कापायचं, भारे बांधायचे, उडवी रचायची. मी विचारलं, का? तर म्हणाले, ‘गवताला पण वाढायला लागतं, तुझ्यासारखं.’ माझ्यासारखं म्हणजे नुसतंच वाढायला, हा त्यातला टोमणा.

आपल्या तालुक्यात ‘देवाचे गोठणे’ नावाचं गाव आहे. कातळशिल्पामुळे हल्ली तिथं गाड्या जातात. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, चांगलं झालं. पण गोठण म्हणजे काय, हे गाडीतून उतरणाऱ्यांना विचारा. गोठण म्हणजे भर दुपारी गुरं जिथं सावलीला येऊन रवंथ करत बसतात ती जागा. आमच्या गोठणीवर एक वड आहे. त्याच्याखाली हात घातला तर मनगट बुडेल एवढी काळी माती. सड्यावर वीतभर नाही आणि इथं कुठून आली? गुरांनी आणली. सकाळभर सड्यावर खायचं आणि दुपारी इथं शेण टाकायचं, पिढ्यान् पिढ्या. उरलेलं शेण गोठ्यात, गोठ्यातून तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेच्या भाजावळीला. वरनं कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या तोडून आणायची, गवत आणायचं, पातेरा आणायचा, राब भाजायचा. मंडळी, आपण भात खाल्ला तो सड्याचा खाल्ला. सडा वरून खाली देत राहिला आणि परत वर कुणी काही नेलं नाही. तरी तो टिकला, कारण राखण होती.

मग काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. चाकरमानी मुंबईला गेले, बैल गेले, पॉवर टिलर आला. गुरं कमी झाली म्हणजे रान सुटकेचा श्वास घेईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, कारण गुरांच्या आधी गुराखी गेला. आता जी दहा-वीस डोकी आहेत ती गवताला पहिला कोंब फुटला की तिथंच उभी. कोवळं आहे तिथं पुन्हा पुन्हा तोंड, आणि जून झालेल्या भागाकडे ढुंकून बघणार नाहीत. तिथं रानमोडीचं तण. म्हणजे एकाच सड्यावर एका टोकाला केस भादरलेले नि दुसऱ्या टोकाला जटा. रात्री हीच गुरं महामार्गावर बसतात, डांबर गरम असतं म्हणून. मी एकाला म्हटलं, बाबा रे, माझं रान बंद केलंय, तुझी गुरं आवर. तर म्हणतो, ‘मास्तर, गुरां काय सातबारा वाचून चरतत?’ ह्याला उत्तर नाही. सातबारा मलाही नीट वाचता येत नाही. त्यात माझ्या अर्ध्या रानाला ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीलायक नाही असं म्हटलंय. ज्यानं आमची पोटं भरली त्याला पोटखराब!

तर मी काय केलं, अडीच एकर रान घेतलं, म्हणजे जवळपास एक हेक्टर, पडलेला गडगा पुन्हा रचला, आणि आजोबांचा नियम लावला. तीन वर्षांत कुसळी, ते टोचऱ्या कुसळांचं गवत, मागे हटली आणि तिच्या जागी गुरं आवडीनं खातात तसलं मऊ गवत दिसायला लागलं. ही बातमी कुठून कशी पसरली देव जाणे, पण एक दिवस शहरातून एक तरुण दारात उभा. हातात टॅब्लेट. म्हणाला, काका, तुमच्या मातीत कार्बन साठतोय, त्याचे पैसे मिळतील. कुणाकडून आला होता ते सांगत नाही, मुलगा गुणी होता. त्याला चहा दिला, आंबोळी दिली, आणि वर घेऊन गेलो.

तो म्हणाला, तीस सेंटिमीटरपर्यंतचा नमुना हवा. हे काही त्यानं मनानं काढलेलं नाही, जगभर कार्बनचा हिशेब सर्वसाधारणपणे तेवढ्याच खोलीचा करतात. मी कुदळ मारली. चौथ्या बोटाला ठण्ण! जांभा. दुसरीकडे मारली, ठण्ण. मुलगा म्हणाला, अजून खणा ना. मी म्हटलं, खणतो, पण मग चिऱ्याची खाण काढल्यासारखं होईल, आणि त्याचा परवाना वेगळा लागतो. टॅब्लेटात दहा सेंटिमीटर लिहिलं तर चौकट लाल व्हायची. तीस असल्याशिवाय पुढचं पान उघडेना. पाऊण तास आम्ही दोघं भर उन्हात त्या लाल चौकटीकडे बघत बसलो. शेवटी त्याला एक तोड सुचली. म्हणाला, काका, दहा-दहाचे तीन खड्डे घेऊ या, तीन दाहे तीस! (हशा.) हसू नका, असंच झालं. चौकट हिरवी झाली.

महिन्यानं अहवाल आला. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या पाल्या-मुळांचा कार्बन, १.९ टक्के. आता १ टक्क्याच्या वरचा कर्ब म्हणजे भरपूरच, देशावरच्या शेतकऱ्याला अर्धा टक्का मिळवताना घाम फुटतो. वाडीत माझा सत्कार व्हायचा राहिला. पण मी पडलो गणिताचा किडा. टक्के कशाचे, हे नको का विचारायला? प्रयोगशाळेत माती २ मिलिमीटरच्या चाळणीनं चाळतात आणि वर राहिलेले खडे फेकून देतात. मी घरी पुन्हा तसंच खणून पाच किलो माल वाण्याच्या काट्यावर तोलला, चाळला. अडीच किलो खडे! म्हणजे निम्मं तर जांभ्याची खडीच.

मग हिशेब बघा. टॅब्लेटचा हिशेब: एक हेक्टर, तीस सेंटिमीटर खोल, म्हणजे ३,००० घनमीटर. घनमीटरला १.२ टन धरा, ३,६०० टन माती. त्याचे १.९ टक्के, ६८ टन कार्बन. माझा हिशेब: दहा सेंटिमीटर, १,००० घनमीटर, १,२०० टन, त्यातली निम्मी खडी वजा, उरली ६०० टन. त्याचे १.९ टक्के, साडेअकरा टनसुद्धा नाही. सहापट फरक! खीर गोडच आहे हो, पण हंड्याच्या तळाला वाटीभर आहे. मी हे पत्रानं कळवलं. उत्तर आलं की तुमची शंका नोंदवून घेतली आहे. अजून नोंदवलेलीच आहे.

(चिठ्ठी येते.) काय म्हणता, दहा मिनिटं? वस्तीची गाडी आहे, बरोबर. आणि मूळ विषय अजून... असू दे, धावत घेऊ.

कार्बन मातीत जातो कसा? लोकांना वाटतं, वरचं गवत कुजून. थोडा तसा जातो. पण मुख्य दार मुळांचं. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, साखर करतं, तिचा बराच भाग मुळांना जातो, मुळांतून मातीत पाझरतो, जुनी मुळं मरतात, त्यावर बुरशी नि जिवाणू जगतात. गवताचा अर्ध्यापेक्षा जास्त पाला एकदम गेला तर मुळांची वाढ थांबते. म्हणून आठवड्यातून तीनदा तोंड मारलेल्या गवताला मूळच राहत नाही. आजोबांची चार दिवसांची फेरपाळी ती हीच. आपली माती लाल आहे ती लोखंडाच्या ऑक्साइडमुळे, गंजच म्हणा. ह्या गंजाला सेंद्रिय कर्ब घट्ट चिकटतो आणि लवकर सुटत नाही. थोडकी असली तरी माती धरून ठेवणारी आहे.

घात कुठे होतो? वणव्यात. ‘जाळलं की नवं गवत चांगलं येतं’ हे म्हणणारे ह्या सभागृहातही असतील. येतं, दिसायला येतं. पण मार्चमध्ये उघडी पडलेली जमीन जूनमधल्या पहिल्या सरींना सापडते, आणि आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस. राख तर जातेच, माती जाते. खालचा जांभा उघडा पडून वारा-ऊन लागलं की कडक होतो, हे चिरे काढणाऱ्याला विचारा. १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात बुकानन नावाच्या साहेबानं मलबारात ह्या दगडाला विटेवरून ‘लॅटेराइट’ नाव दिलं ते ह्याचसाठी, ओला कापता येतो आणि सुकला की वीट. त्या विटेवर पुन्हा माती आपल्या हयातीत होणार नाही. माझंही रान चौथ्या वर्षी असंच गेलं होतं. कुणी काडी टाकली ते मला माहीत आहे, ते पुढे बसलेले नाहीत एवढंच सांगतो. गडग्याच्या आतली अर्धी बाजू वाचली, कारण तेवढ्याच भागात मी शिमग्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, काढली होती.

वाढ किती होते? कुरणं सुधारल्यावरच्या जगभरातल्या अभ्यासांचा २०१७ साली एक मोठा आढावा आला. हेक्टरी वर्षाला ०.१ टनापासून १ टनापेक्षा थोडा जास्त कार्बन, अशी व्याप्ती निघाली. चार बोटं मातीवर मी खालचा आकडाच धरीन. तोही कायमचा नाही, काही दशकांत माती भरते आणि वाढ मंदावते. शिवाय गुरांच्या ढेकरातला मिथेन वजा करा. दूध न देणाऱ्या आपल्याकडच्या एका जनावराला वर्षाला २७ किलो मिथेन धरतात, त्याची उष्णता पकडण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ पट. म्हणजे ७३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं, नुसत्या कार्बनमध्ये पाव टनाच्या आत. एका हेक्टरची कमाई एक भाकड गाय ढेकर देऊन फस्त करू शकते. म्हणून कार्बनच्या पैशावर घराचा स्लॅब घालायला निघू नका.

मग का करायचं? पाण्यासाठी, चाऱ्यासाठी, खालच्या भातासाठी. आणि कुठे? हे महत्त्वाचं होतं, नेमकं शेवटी राहिलं. उघडा सपाट कातळ बिघडलेला नाही, तो तसाच असतो. पावसाळ्यात त्यावर सीतेची आसवं फुलतात, तिथं ट्रकनं माती आणून झाडं लावणं म्हणजे सुधारणा नव्हे. आपल्याकडे १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागा आल्या, काजू-आंब्यानं घरं उभी राहिली, मी नाकारत नाही. पण सुरुंग लावून कातळ फोडलेला पाहिला की... असो, चिठ्ठी पुन्हा आली. हातभर माती असलेले उतार आणि वरकस, पैसा नि श्रम तिथं. गणपतीपर्यंत गुरं बाहेर, दसऱ्यानंतर कापणी, आंब्याच्या आढीला गवत लागतंच, त्याचे पैसे होतात. शिमग्याआधी जाळरेषा. आणि वाडीनं मिळून एक पगारी गुराखी. ह्याचा खर्च वाटून घरटी किती येतो त्याचा कागद मी आणलाय, दारात ठेवतो.

आता ग्लास. अरेच्चा. दोन्ही ढेकळं शाबूत! (हशा.) देशावरच्या मातीत हा प्रयोग झकास होतो, निकस ढेकूळ दहा मिनिटांत विरघळतं. आपल्याकडे तो मघाचा गंज दोघांनाही धरून ठेवतो. उजवीकडचं पाणी थोडं गढूळ आहे, पुढच्या रांगेतल्यांनी साक्ष द्यावी. नाही दिसत? चष्मा लावून बघा. बरं, राहू दे, ग्लास वाचनालयाचे आहेत, ते धुऊन परत द्यायचेत. गाडी सुटेल, उठा.