तिघांनी तपासलं, तरी पैसे गेले

इंदूर आणि आसपासच्या सगळ्या श्रोत्यांना नमस्कार.

सियागंजातली किराण्याची पेढी असो नाहीतर क्लॉथ मार्केटमधलं कापडाचं दुकान, बिल आता आपोआप निघतं, साठा आपोआप वजा होतो, कर आपोआप लागतो. या 'आपोआप'मध्ये माणसाची चूक कुठून शिरते, ते आज बघू. मुनीमजींच्या हातून आकडा चुकला तर एक बिल चुकायचं. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वस्तूंच्या मूळ यादीत, आकडा चुकला, तर कुणाच्या लक्षात येईपर्यंत प्रत्येक बिल चुकतं. 22 सप्टेंबर 2025 ला अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. मास्टरमध्ये 18 तसाच राहिला असेल, तर मशीन बिनचूक गुणाकार करून चुकीचाच कर लावणार.

उपाय म्हणून सगळे सांगतात, एकाने भरावं, दुसऱ्याने तपासावं. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. पद्धत चांगलीच आहे. पण ती कुठे फसते, ते ऐका.

तारीख 11 ऑगस्ट 2020. अमेरिकेतली सिटी बँक. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने बऱ्याच संस्थांकडून मोठं कर्ज घेतलं होतं आणि त्याच्या देवघेवीचं काम ही बँक बघत होती. त्या दिवशी संस्थांना व्याज द्यायचं होतं, सुमारे 78 लाख डॉलर. फक्त व्याज. पण सॉफ्टवेअरची रचना अशी, की हे करायला कर्ज फिटल्यासारखं दाखवून पुन्हा नव्याने चढवावं लागे. मुद्दल खरोखर बाहेर जाऊ नये म्हणून ते बँकेच्याच आतल्या एका खात्यात वळवायचं. त्यासाठी स्क्रीनवर तीन चौकटी होत्या: प्रिन्सिपल, फ्रंट आणि फंड. तिन्हींत त्या आतल्या खात्याचा नंबर हवा. भरली एकच, प्रिन्सिपलची. मुद्दल अडवायचंय, मग मुद्दलाची चौकट भरली की झालं, असं कुणालाही वाटेल!

भारतात बसलेल्या एकाने भरलं. भारतातल्याच दुसऱ्याने तपासलं. अमेरिकेतल्या तिसऱ्याने मंजूर केलं. सहा डोळे, आणि समजूत एकच. सॉफ्टवेअरने विचारलंसुद्धा, पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचं का? किती जातील, ते मात्र त्या सूचनेत नव्हतं. व्याज तर बाहेर जायचंच होतं, त्यामुळे सूचनेत वावगं काही दिसलं नाही. बटण दाबलं गेलं. व्याजासोबत जवळजवळ 90 कोटी डॉलर मुद्दल निघून गेलं. कळलं दुसऱ्या दिवशी, हिशेब जुळवताना. काहींनी पैसे परत केले, पण सुमारे 50 कोटी डॉलर अडकले. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने बँकेच्या विरुद्ध निकाल दिला, सप्टेंबर 2022 मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. दोन रिकाम्या चौकटींपायी दोन वर्षं कोर्टात गेली.

श्रोतेहो, यातली एक गोष्ट पुन्हा सांगते. तिघांनी जे भरलं होतं ते पाहिलं, पैसे कुठे आणि किती जाणार ते कुणीच पाहिलं नाही. म्हणून पेमेंट मंजूर करणाऱ्याने आधी मूळ बिलं हातात घ्यावीत आणि बेरीज कागदावर स्वतः करावी. सहा पार्ट्यांचे मिळून 4,12,350 रुपये जायचे असतील, तर स्क्रीनवर तेवढीच बेरीज दिसल्यावर पेमेंट सोडायचं. आधी कागद, मग स्क्रीन. एनईएफटीची रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते, नाव जुळवून नाही. पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यायला सांगितली होती. ती प्रत्येक नव्या खात्याला वापरा.

चेकवर आपण रक्कम आकड्यात आणि अक्षरी, अशी दोनदा लिहितो. फार शहाणपणाची रीत आहे ती. तशीच पावकी-निमकीची, म्हणजे पाव आणि अर्ध्याच्या पाढ्यांची. शाळांनी ती सोडली हे मला अजिबात पटत नाही. ज्याला पाढे तोंडपाठ आहेत, त्याला एक शून्य जास्त पडलेलं कॅल्क्युलेटरशिवाय खुपतं. आजी-आजोबांनो, सुटीत नातवंडांकडून तीसपर्यंत पाढे करून घ्याच.

साठ्यात सगळ्यात जास्त घोळ पेटी आणि नग यांचा. 24 नगांच्या 10 पेट्या आल्या आणि नोंद 10 नगांची झाली, की दहा नग विकल्यावर मशीन म्हणतं माल संपला. रीऑर्डर आपोआप लावलेली असेल, तर गोदामात 230 नग पडून असताना नवी ऑर्डर जाते. आठवड्याला पाच-सहा वस्तू निवडून हाताने मोजा आणि नोंदीशी मिलान करा.

आणि ज्यांची उलाढाल 5 कोटींच्या वर आहे त्यांच्यासाठी: ई-इनव्हॉइस, म्हणजे जीएसटीसाठी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, तिथे 24 तासांच्या आतच रद्द होतं, नंतर क्रेडिट नोट काढत बसावं लागतं. म्हणून दिवसभराची बिलं महिनाअखेरीला ठेवू नका, रोज दुकान वाढवण्याआधी तपासा.