ऑलिंपियाड म्हणजे किती वर्षं?

नमस्कार श्रोतेहो.

शाळकरी मुलांच्या दप्तरात हल्ली एक फॉर्म हमखास सापडतो. गणिताचं ऑलिंपियाड, विज्ञानाचं ऑलिंपियाड. परवा शेजारची सहावीतली मुलगी तो फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, "काका, ऑलिंपिक चार वर्षांनी येतं, मग हे दरवर्षी कसं?" पोरीनं नेमकं बोट ठेवलं होतं. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

ऑलिंपियाड हा शब्द ग्रीक आहे. ग्रीसच्या दक्षिण भागात, पेलोपोनीजमध्ये, ऑलिंपिया हे झ्यूस देवाचं क्षेत्र. देवांचा म्हणतात तो ऑलिंपस डोंगर निराळा, पार उत्तरेला. दोहोंची गल्लत फार होते. ऑलिंपियाला चार वर्षांनी एकदा झ्यूसचा उत्सव भरे आणि उत्सवात शर्यती लागत. त्या उत्सवालाही आणि एका उत्सवापासून पुढच्या उत्सवापर्यंतच्या काळालाही ग्रीक लोक एकच शब्द वापरत, तो हा. आपल्याला यात नवल वाटायला नको. तप म्हणजे तपश्चर्या, आणि तप म्हणजे बारा वर्षंही. गुरू सिंह राशीत असतो तो काळ सिंहस्थ, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला भरतो तो मेळाही सिंहस्थच.

परंपरेनं पहिलं ऑलिंपियाड इसवी सनापूर्वी ७७६ चं. शर्यत जिंकली एलिसच्या कोरोइबोसनं. तो स्वयंपाकी होता, असं सांगतात. धाव एकाच पल्ल्याची, सुमारे १९२ मीटरची. ग्रीसमध्ये दर नगराचं पंचांग वेगळं, महिन्यांची नावं वेगळी. मग सगळ्यांना समजेल असं साल सांगायचं कसं? इतिहासकारांनी हा उत्सव धरला. 'अमक्या ऑलिंपियाडचं तिसरं वर्ष' म्हटलं की कुणालाही कळे. आणि त्या चार वर्षांना ओळख मिळे ती धावण्यात पहिल्या आलेल्या माणसाच्या नावानं. राजाच्या नावानं साल मोजलेलं आपण पाहिलंय. इथं ते धावपटूच्या नावानं मोजलं जाई, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आधुनिक ऑलिंपिकनं हा जुना अर्थ जपला. खेळांचं ठरलेलं वर्ष ते पहिलं; त्याच्या १ जानेवारीपासून चौथ्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत एक ऑलिंपियाड. महायुद्धांमुळे १९१६, १९४० आणि १९४४ च्या स्पर्धा झाल्याच नाहीत, तरी क्रमांक मोजले गेले. म्हणून १९४८ चं लंडन हे चौदाव्या ऑलिंपियाडचं, जरी खेळ प्रत्यक्षात अकराव्यांदाच भरले होते. टोकियोच्या स्पर्धा २०२१ मध्ये झाल्या, तरी त्या बत्तिसाव्या ऑलिंपियाडच्याच राहिल्या. हिवाळी स्पर्धांना मात्र हा हिशेब लागू नाही; त्या भरतील तेवढ्याच मोजतात.

पुढे शब्द मैदानाबाहेर पडला. बुद्धिबळाचं ऑलिंपियाड १९२७ साली लंडनला सुरू झालं. आता ते दोन वर्षांनी होतं. २०२४ ला बुडापेस्टमध्ये भारतानं दोन्ही गटांत सुवर्ण जिंकलं, तेव्हा संघांत नाशिकचा विदित गुजराथी होता आणि नागपूरची दिव्या देशमुख. गणिताचं ऑलिंपियाड १९५९ साली रोमानियात सुरू झालं, १९९६ ला मुंबईतही भरलं. ते दरवर्षी असतं. इथं चार वर्षं गळाली, मोठ्या स्पर्धेचा मान तेवढा राहिला. शेजारच्या मुलीला मी हेच सांगितलं.

पण मला जुना अर्थ जास्त जवळचा आहे, आणि त्याला कारण आहेत गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कुस्तीत ते सहावे आले. मातीत घडलेला पैलवान, मॅटवरच्या कुस्तीचा सराव नव्हता. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्या दोन स्पर्धांमधली चार वर्षं घाम गाळण्यात गेली. पुढे हेलसिंकीला जाण्यासाठी वर्गणी गोळा करायची पाळी आली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं. पदक पंधराव्या ऑलिंपियाडच्या नावावर आहे. खाशाबांनी ते कमावलं चौदाव्यात.

नमस्कार.