समोरच्याचं पाणी जोखताना

(नॉर्थ कॅरोलिनातील केरी इथे ऑक्टोबर २०२५ मध्ये मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

नोव्हेंबर, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम, तोंडावर आलाय. आता ऑफिसात, किराणा दुकानात, मुलांच्या बसथांब्यावर एकच विषय निघणार: यंदा ड्यूकचं काय आणि यंदा कॅरोलिनाचं काय. मी ड्यूकचा चाहता आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तरी आज ड्यूकबद्दल मी फार बोलणार नाही. आपला संघ कसा आहे हे आपण सगळेच हिरिरीने सांगतो. समोरच्या संघाचं पाणी आपण कसं जोखतो, हा माझा आजचा विषय आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की त्या संघाशी झालेला शेवटचा सामना आपल्या मनात ठाण मांडून बसतो आणि पुढच्या वर्षीच्या नव्या संघाला आपण त्याच सामन्याच्या मापाने मोजतो.

काही जण या भागात नवीन आलेत, म्हणून दोन शब्द पार्श्वभूमीचे. डरममधलं ड्यूक विद्यापीठ आणि चॅपेल हिलमधलं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, म्हणजे आपल्या बोलण्यातलं 'कॅरोलिना', यांच्यात दहा मैलांच्या आसपास अंतर आहे. मध्ये १५-५०१ हा रस्ता. दोघांमधला पहिला बास्केटबॉल सामना १९२० सालचा. ड्यूकचं कॅमरन स्टेडियम १९४० मधलं आणि बसायला जेमतेम ९,३१४ जागा. चॅपेल हिलचं डीन स्मिथ सेंटर १९८६ चं, तिथे एकवीस हजारांहून जास्त माणसं मावतात. राष्ट्रीय स्पर्धेची विजेतेपदं त्यांची सहा, आमची पाच. हा एकाचा फरक आम्हाला रोज ऐकून घ्यावा लागतो.

आता २०२२ कडे येतो, कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्या एका वर्षात आहे.

५ मार्च २०२२. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेव्हस्की यांचा कॅमरनमधला शेवटचा सामना. १९८० पासून हा माणूस ड्यूकचा प्रशिक्षक होता. त्यांच्या हाताखाली खेळून गेलेले कितीतरी माजी खेळाडू खास त्या दिवसासाठी आले होते. आणि कॅरोलिनाने तो सामना ९४–८१ असा जिंकला. महिनाभराने न्यू ऑर्लिन्सला फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर. एवढ्या वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेत त्यांची गाठ कधीच पडली नव्हती, ती पहिल्यांदा तेव्हा पडली. कॅरोलिनाला त्या वर्षी आठवं मानांकन, म्हणजे तिथपर्यंत पोचतील असं फारसं कुणी धरलेलं नव्हतं. शेवटची काही सेकंद उरली असताना केलेब लव्हने तीन गुणांचा शॉट मारला आणि सामना ८१–७७ असा त्यांच्याकडे गेला. शशेव्हस्की यांची कारकीर्द तिथे संपली. अंतिम सामन्यात मध्यंतराला १५ गुणांनी पुढे असूनही कॅरोलिना कॅन्ससकडून ७२–६९ असं हरलं, पण आमच्याकडे ते कुणाच्या लक्षात राहिलंय?

त्यानंतरचा उन्हाळा आठवा. कॅरोलिनाच्या पहिल्या पाचांपैकी चार जण परत येणार होते. लव्ह, आरजे डेव्हिस, लीकी ब्लॅक आणि सेंटर अर्मांडो बेकॉट. बेकॉटने त्या फायनल फोरमध्ये आमच्याविरुद्ध २१ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर उसळून आलेले चेंडू, घेतले होते. हंगामापूर्वीच्या, पत्रकारांच्या मतांवर ठरणाऱ्या एपी क्रमवारीत कॅरोलिना पहिलं आलं. त्यांचे चाहते खुशीत होते यात नवल नाही. नवल याचं, की आमचे लोकही तसंच बोलत होते. "यंदा यांना अडवणार कोण?" जखम ताजी होती आणि ती जखम करणारे हात परत येत होते.

पुढे काय झालं? नोव्हेंबरअखेर पोर्टलंडमध्ये ते आधी आयोवा स्टेटकडून हरले, मग अलाबामाकडून, तेही चार जादा सत्रं खेळून, १०३–१०१. मग इंडियाना. मग व्हर्जिनिया टेक. ओळीने चार पराभव आणि पहिल्या क्रमांकावरून थेट पंचविसांच्या बाहेर. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ड्यूकने त्यांना दोन्ही वेळा हरवलं. हंगाम संपला २०–१३ वर, म्हणजे २० विजय आणि १३ पराभव, आणि राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना जागाच मिळाली नाही. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली. तेव्हापासून हंगामाआधी पहिल्या क्रमांकावर असलेल्या संघावर ही वेळ आली ती पहिल्यांदाच.

याचं कारण शोधताना मी नेहमी पाचव्या माणसाकडे वळतो. परत न आलेला तो पाचवा म्हणजे ब्रेडी मॅनेक. दाढीवाला, उंच, ओक्लाहोमाहून एका वर्षासाठी आलेला. सगळ्यांनी परतलेले चार मोजले. गेलेला एक कोण होता आणि तो मैदानावर नेमकं काय करत होता, याचा हिशेब फार थोड्यांनी केला.

तो काय करत होता ते सांगतो. सहा फूट नऊ इंच उंचीचा हा खेळाडू तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहायचा आणि १०० पैकी ४० शॉट आत टाकायचा. त्यामुळे समोरच्या संघाच्या एका उंच खेळाडूला बास्केटखालची जागा सोडून त्याच्यामागे बाहेर यावंच लागे. मग आत बेकॉट आणि त्याच्यावर एकटा बचावपटू. बेकॉटला मोकळी जागा मिळायची. लव्ह चेंडू घेऊन आत घुसला तर त्यालाही वाट मिळायची. मॅनेक गेला, त्याच्या जागी नॉर्थवेस्टर्नचा पीट नॅन्स आला. चांगला खेळाडू, पण त्याचा तसा धाक नव्हता. बचावपटू दोन पावलं आत सरकले. दोनच पावलं. बेकॉटच्या अंगावर दोघेदोघे येऊ लागले, लव्हची वाट बंद झाली, तो दुरून घाईने शॉट मारू लागला. आदल्या वर्षी त्याचे तिनाचे शॉट १०० पैकी ३६ पडत होते, ते ३० वर आले. परतलेले चौघे तेच होते, पण त्यांना खेळायला मिळणारी जागा आक्रसली होती. आकडे पाहून नुसतं "लव्हचा फॉर्म गेला" म्हणणाऱ्याला हे दिसत नाही. त्यासाठी चेंडू ज्याच्या हातात नाही त्याच्याकडे बघावं लागतं.

म्हणून माझी पहिली विनंती. समोरच्या संघाची यादी हातात आली की आधी गेलेल्यांची नावं वाचा. कोण किती गुण करायचा हे दुय्यम आहे. त्याच्यामुळे बाकीच्यांना काय मिळत होतं, ते विचारा.

आकड्यांचं थोडं बोलतो, कारण हल्ली मुलं घरात आकडेतज्ज्ञ केन पॉमेरॉय यांची संघांची क्रमवारी उघडून बसलेली असतात आणि आईवडिलांना वाटतं ही काय भानगड. त्यातली मूळ कल्पना सोपी आहे. चेंडू हाती आल्यापासून तो समोरच्याकडे जाईपर्यंतचं एक पझेशन. कॉलेजच्या पुरुष सामन्यात शॉटसाठी ३० सेकंद मिळतात. काही संघ दहा सेकंदांत शॉट घेतात, काही पंचवीस सेकंद चेंडू फिरवत राहतात. घाईचा संघ ८५ गुण करेल, संथ संघ ६८ करेल, त्यावरून कोण चांगलं ते कळत नाही. म्हणून १०० पझेशनमागे किती गुण केले आणि किती दिले ते मोजायचं, आणि समोर कोण होतं त्याप्रमाणे सुधारून घ्यायचं. शेजाऱ्याचा संघ "फार गुण करतो" असं कुणी घाबरून म्हणालं, तर हा आकडा आधी बघा. एवढंच.

पुढचं मात्र महत्त्वाचं आहे. पूर्वी समोरच्याचा अंदाज बांधायला तीन-चार वर्षांची ओळख कामी यायची. मुलगा पहिल्या वर्षी दिसला, दुसऱ्या वर्षी सुधारला, चौथ्या वर्षी त्याचा आपल्याला वीट आला. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आलं. २०२१ पासून विद्यापीठ बदललं की वर्षभर बसून राहायचं ही अट पहिल्या बदलासाठी गेली आणि त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःचं नाव वापरून जाहिरातींतून पैसे मिळवता येऊ लागले. आता शेजारच्या संघात दरवर्षी निम्मे चेहरे नवे असतात. हाच केलेब लव्ह बघा. २०२३ मध्ये तो ॲरिझोनाला गेला. आमच्या लोकांनी सुस्कारा सोडला. त्या नोव्हेंबरात ॲरिझोना कॅमरनमध्ये खेळायला आलं, लव्ह त्यांच्या संघात, आणि ते ७८–७३ असं जिंकून गेले! वर्षअखेर तो त्यांच्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि लव्हशिवायच्या कॅरोलिनाने त्याच हंगामात आपल्या लीगच्या (ड्यूकही याच लीगमध्ये) नियमित सामन्यांत पहिलं येऊन राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं मानांकन मिळवलं. तो गेल्याने हे बुडतील असं म्हणणारे आमच्याकडे थोडे नव्हते.

त्याच वर्षाची दुसरी गोष्ट. ड्यूकवाले कॅरोलिनाकडे आणि कॅरोलिनावाले ड्यूककडे डोळे लावून बसलेले असताना रॉलीच्या एनसी स्टेट विद्यापीठाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तेही स्वाभाविक होतं. १७–१४ अशी कामगिरी, हंगामातले शेवटचे चारही सामने हरलेले, लीगमध्ये दहावं मानांकन. तिथून त्यांनी लीगच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने जिंकले. ड्यूकला बाहेर काढलं, अंतिम सामन्यात कॅरोलिनाला ८४–७६ हरवलं, मग राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा ड्यूकला हरवून थेट फायनल फोर गाठलं. केरीतल्या स्टेटच्या पदवीधरांना आम्ही किती वर्षं गृहीत धरलं होतं! ती सल त्यांनी तेव्हा आनंदाने बोलून दाखवली आणि त्यांचा तो हक्कच होता. यंदा त्यांच्याकडे विल वेड हे नवे प्रशिक्षक आहेत. तिकडेही लक्ष असू द्या.

आता चॅपेल हिलचं यंदाचं. गेल्या हंगामात ड्यूकने त्यांना तीनदा हरवलं, म्हणून आमच्याकडे एक निर्धास्तपणा आलाय. मला तो पटत नाही. तिसरा सामना आठवा, शार्लटमधला, लीगच्या उपांत्य फेरीतला. आमचा मुख्य खेळाडू कूपर फ्लॅग आदल्या दिवशी घोटा दुखावून बाहेर बसला होता. ड्यूक चोवीस गुणांनी पुढे गेलं आणि कॅरोलिनाने ती आघाडी खात खात एका गुणावर आणली. चार सेकंद राहिली असताना त्यांच्या खेळाडूने बरोबरी करणारा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, आत टाकलासुद्धा. पण शॉट हातातून सुटण्याआधी त्यांच्याच एका खेळाडूचं पाऊल रेषेच्या आत पडलं होतं. गुण रद्द. आम्ही ७४–७१ जिंकलो. कागदावर हे "तीनपैकी तीन" असं दिसतं, आणि त्या भरवशावर कुणी यंदाचा अंदाज बांधत असेल तर ते मला मान्य नाही.

दुसऱ्या बाजूने बघा. त्यांचं क्वाड वन, म्हणजे बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या सामन्यांचं खातं, निवडीच्या दिवशी १–१२ होतं. राष्ट्रीय स्पर्धेत ते अगदी काठावर घेतले गेले आणि त्यावरून देशभर ओरड झाली. ही दुबळी बाजूही खरीच होती. तिचं मूळ उंचीत होतं. बास्केटखाली उभं राहणारा दणकट माणूस त्यांच्याकडे नव्हता.

आता नवी यादी. आरजे डेव्हिसची वर्षं संपली, ड्रेक पॉवेल एनबीएत गेला, एलियट कडो मिशिगनला, इयन जॅक्सन सेंट जॉन्सला. मुख्य खेळाडूंपैकी सेथ ट्रिंबल तेवढा राहिला. आले कोण? ॲरिझोनाहून हेन्री वेसार, एस्टोनियाचा, सात फुटी. अटलांटाचा केलेब विल्सन, सहा फूट दहा इंच, पहिल्याच वर्षाचा, आणि माझ्या मते या संघातला सर्वांत धोकादायक खेळाडू. अलाबामाहून जॅरिन स्टीव्हन्सन, तोही उंच. म्हणजे गेल्या वर्षीचं भगदाड त्यांनी बुजवलंय. रिबाउंडमध्ये हा संघ आपल्याला त्रास देणार, ही खूणगाठ बांधून ठेवा.

शंका आहे ती चेंडू वर आणणाऱ्या हातांबद्दल. कोलोरॅडो स्टेटहून आलेला कायन एव्हन्स दुरून फार सुंदर मारतो. पण दाब टाकणाऱ्या बचावासमोर, परक्या मैदानावर, शेवटच्या चार मिनिटांत तो चेंडू सांभाळेल का? कडो आणि डेव्हिस गेल्यावर हे काम कुणाचं, हा प्रश्न त्या यादीवरून सुटत नाही. तो मैदानावरच कळेल.

त्यामुळे ड्यूकच्या मंडळींना माझं सांगणं असं, की फेब्रुवारीतल्या पहिल्या गाठीपर्यंत थांबू नका. ७ नोव्हेंबरला चॅपेल हिलला कॅन्सस येतंय, तो सामना बघा. डिसेंबरच्या सुरुवातीला ते केंटकीला जातील, तोही बघा. गुणफलक बाजूला ठेवून दोन गोष्टी टिपा. वेसार बास्केटपासून किती लांब उभा राहतो आणि त्याच्या बचावपटूला बाहेर यावं लागतं का, ही एक. दाब आल्यावर एव्हन्स चेंडू कुणाकडे देतो, ही दुसरी. विल्सनला आत मोकळी जागा मिळत असेल आणि ट्रिंबल चेंडू आणण्याच्या कामातून मोकळा होऊन बचावाला लागला असेल, तर हा संघ मार्चमध्ये खूप पुढे जाईल. तसं झालं नाही, तर उंची असूनही ते मधल्या फळीतच राहतील. मला स्वतःला पहिली शक्यता जास्त वाटते, आणि ड्यूकचा माणूस म्हणून हे बोलायला मला अजिबात आवडत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. कॅरोलिनाच्या मंडळींनी आधी विचारावेत.