आरोग्य केंद्र सुधारायचे असेल, तर आधी निवासस्थानातील नळ पाहा

नमस्कार. गेल्या काही आठवड्यांत अनेक प्रेक्षकांनी एकच गोष्ट विचारली आहे: गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र सुधारावे म्हणून ग्रामस्थांनी नेमके काय करावे? मी २७ वर्षे आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

रचना तुम्हाला ठाऊकच असेल. साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. डोंगराळ व आदिवासी भागांत हेच निकष ३,००० आणि २०,००० असे आहेत. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते आणि त्यावरचे ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत येते, म्हणून अर्ज देण्यापूर्वी तो कोणाकडे द्यायचा याची खात्री करून घ्यावी.

आता मुख्य विषयाकडे येते. सुधारणा म्हटली की बहुतेक गावे नव्या इमारतीची किंवा यंत्रसामग्रीची मागणी करतात. माझे म्हणणे असे आहे की सर्वांत आधी आवारातील कर्मचारी निवासस्थानात पाणी येते का, हे पाहावे. तुम्हाला ही बाब किरकोळ वाटेल. परंतु रात्री केंद्र चालू राहणार की बंद, हे तिच्यावरच ठरते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग सांगते. आमच्या निवासस्थानाची पाण्याची मोटार जळाली आणि चार महिने दुरुस्त झाली नाही. लहान मुलाला घेऊन मी शेजारच्या विहिरीवरून पाणी आणत होते. पावसाळ्यात तेही जमेना, तेव्हा १८ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी खोली घेतली. जुलैमधील एका रात्री दोनच्या सुमारास जीपमधून एक गरोदर बाई केंद्रावर आली, तेव्हा तिथे फक्त शिपाई होता. जीप तशीच तालुक्याकडे निघाली आणि वाटेत, माझ्या खोलीपासून पाच-सहा किलोमीटरवर, ती बाळंत झाली. रक्तस्राव झाला, पण ती वाचली. त्या मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा कमी होता, आणि ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

बाळंतपणानंतरचा तीव्र रक्तस्राव दोन तासांच्या आत जीव घेऊ शकतो. तो रोखणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात जपून ठेवावे लागते, आणि केंद्रात त्यासाठी शीतपेटी असते. औषध असे सांभाळले जाते. मात्र ते टोचणारी सेविका हाकेच्या अंतरावर राहू शकेल अशी खोली आपण सांभाळत नाही.

अनेक प्रेक्षक लिहितात, "कर्मचारी मुख्यालयी (नेमणुकीच्या गावी) राहत नाहीत, त्यांचा घरभाडे भत्ता बंद करा." हा राग मला समजतो आणि रुग्णाच्या बाजूने तो रास्तही आहे. मात्र मुख्यालयी राहण्याबाबतचा ठराव ग्रामसभेत येतो, तेव्हा एक तर न पाहता "राहतात" असे लिहून दिले जाते, नाही तर भांडण होते. उठून ती खोली पाहायला कोणी जात नाही. माझी विनंती आहे की पुढच्या ग्रामसभेपूर्वी चार-पाच जणांनी, त्यांत किमान दोन स्त्रिया असाव्यात, संध्याकाळी तिथे जाऊन यावे. संडासाला कडी आहे का, छत गळते का, खोलीपासून प्रसूतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवा लागतो का आणि नळाला त्या वेळी पाणी आहे का, हे लिहून आणावे. सर्व काही ठीक असूनही कर्मचारी राहत नसतील, तर तक्रार अवश्य करा. मग ती तक्रार कोणालाही टाळता येणार नाही.

दुबईहून एका बंधूंनी गावच्या केंद्राला ईसीजी यंत्र भेट देण्याची इच्छा कळवली आहे. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर वाटतो. तरीही आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे, कारण ते वापरणारा माणूस, त्याचा कागद आणि त्याची दुरुस्ती यांची सोय नसेल, तर यंत्र खोक्यातच राहते. रात्री वीज गेल्यावर प्रसूतिगृहात उजेड देणारा इन्व्हर्टर कदाचित अधिक उपयोगी पडेल. त्या उजेडातही कोणी तरी हजर असावे लागते, म्हणून मी पुन्हा त्याच खोलीकडे वळते.

पैशांचे काय, असा प्रश्न आता येईल. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी वर्षाला २५,००० रुपये अबंधित निधी (म्हणजे गरजेनुसार खर्च करता येणारा), ५०,००० रुपये देखभाल दुरुस्तीसाठी आणि १,००,००० रुपये रुग्ण कल्याण समितीसाठी, अशी तरतूद झाली. केंद्राचा असा खर्च मंजूर करणाऱ्या या समितीचे सदस्य सचिव वैद्यकीय अधिकारी असतात. गावकऱ्यांची मागणी बहुधा इथेच अडते, कारण अर्जात नुसते "निवासस्थानाची दुरुस्ती करावी" असे लिहिलेले असते. एवढ्या मोघम वाक्यावर खर्च मंजूर करणे समितीला कठीण जाते आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

म्हणून अर्जात प्रत्येक काम वेगळे लिहावे: मोटार, टाकीची गळती, कडी, दिवा. प्रत्येक कामाचे स्थानिक कारागिराकडून घेतलेले दरपत्रक जोडावे, हा विषय येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा अशी स्पष्ट विनंती करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. बैठक झाली की इतिवृत्ताची प्रत मागावी. काम मोठे असल्यास तोच अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे पाठवण्याचा ठराव करून घ्यावा. आणि त्या खोलीत सध्या राहणाऱ्या सेविकाताईंना अर्ज लिहिण्यापूर्वी विचारा की, ताई, तुम्हाला सर्वांत आधी काय दुरुस्त करून हवे आहे. माझ्या २७ वर्षांत मला हे कोणत्याही गावाने विचारले नव्हते.