फिलाडेल्फियाचं लव्ह आणि त्याची भावंडं

नमस्कार मंडळी! एल आणि ओ वर, व्ही आणि ई खाली, आणि तो ओ जरा कलंडलेला, लालभडक. हे लव्ह तुम्ही टीशर्टवर, मगवर, कुठे ना कुठे पाहिलंच असणार. हे काम रॉबर्ट इंडियाना यांचं. 1965 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्याकडून नाताळचं ग्रीटिंग कार्ड करून घेतलं, तिथून हे चित्र घराघरात गेलं. 1970 मध्ये पहिलं मोठं शिल्प झालं, 12 फूट उंच, पोलादाचं, ते इंडियानापोलिसला आहे.

पण मला सांगायचंय ते फिलाडेल्फियाचं. 1976 ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षं झाली, तेव्हा तिथल्या एका चौकात लव्ह आणून ठेवलं, पण उसनं हां, विकत नाही. दोन वर्षांनी म्हणजे 1978 ला ते उचलून नेलं आणि मग लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं, रोज जाता-येता दिसणारं आपलं लव्ह गेलं कुठे! तेव्हा शहराच्या आर्ट कमिशनचे अध्यक्ष होते यूजीन डिक्सन, बास्केटबॉल टीमचे मालक, खिशात पैसा होता. त्यांनी 35 हजार डॉलर मोजून ते शिल्प विकत घेतलं आणि परत त्याच चौकात बसवलं. शहरासाठी घेतलं हो, घरच्या बागेत नाही नेलं! श्रीमंतांनी असाच पैसा खर्च करावा, मी तर म्हणते आपल्याकडेही नुसत्या स्वागतकमानी उभारण्यापेक्षा हे करावं. त्या जागेला आज सगळे लव्ह पार्कच म्हणतात.

पुढची गंमत ऐका. मधल्या रंगकामात जांभळ्याचा निळा झाला होता आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला. मग पार्कचं काम निघालं तेव्हा शिल्प दुरुस्तीला गेलं, मूळचे लाल, हिरवा, जांभळा रंग परत दिले, आणि 2018 च्या 13 फेब्रुवारीला, व्हॅलेंटाईनच्या आदल्या दिवशी, ट्रकवर चढवून गावभर मिरवत आणलं. त्याच मे महिन्यात इंडियाना गेले. तो जांभळा परत आला तेव्हा ते हयात होते, याचं मला फार बरं वाटतं.

बाकी टोकियोत शिंजुकूला आहे, सिंगापूरला आहे, जेरुसलेमच्या म्युझियममध्ये हिब्रू अक्षरांतलं अहावा आहे, 1977 चं. स्पॅनिशमधलं आमोरही आहे, त्यात ओ खालच्या ओळीत येतो पण कलंडलेलाच. एवढा पसारा, आणि कॉपीराइटची नोंद नव्हती म्हणून मग-टीशर्टवाल्यांनी फुकटात छापून घेतलं, कलाकाराच्या हाती काय? चित्र आवडतं ना, मग ज्याचं आहे त्याला पैसे द्यायलाच हवेत, यावर मी ठाम आहे.

तर मंडळी, तुमची लेक-जावई, भाचरं कोणी फिलाडेल्फियाकडे असतील तर त्यांना सांगा, लव्ह पार्कमध्ये फोटो काढून लगेच फिरू नका, पार्कवेनं थोडं पुढे चालत गेलात की सिस्टर सिटीज पार्कात आमोर पण बघायला मिळेल. पोप फ्रान्सिस 2015 ला आले तेव्हा आणलेलं, आणि ते मात्र परत नेलं नाही.