आधी मांडव, मग बांध

नमस्कार मंडळी. समोर निम्मे सातपूर-अंबडच्या सर्व्हर रूममधले, निम्मे दिंडोरी-निफाडच्या बागांमधले दिसताहेत, म्हणून डिस्कचं पार्टिशन लहान-मोठं करणं हा आजचा विषय बागेतूनच मांडतो. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला तुकडा, ही सातबाऱ्यावरची हद्द आणि फाइल सिस्टिम, म्हणजे त्यात फायली मांडणारी रचना, हा त्या हद्दीत उभा केलेला द्राक्षाचा मांडव. उताऱ्यावर क्षेत्र कमी झालं म्हणून मांडव आपोआप आत सरकत नाही. लहान करताना आधी मांडव आत घ्यायचा, मग बांध. वाढवताना आधी बांध, मग मांडव. बांधावरून आपल्याकडे भाऊबंदकी कशी पेटते ते सांगायला नको, डिस्कवरही तेच होतं.

पिंपळगावच्या बाजूला एका पॅकहाउसमध्ये ऐन फेब्रुवारीत मला रात्री बोलावलं. बाहेर रीफर, म्हणजे थंड कंटेनर उभे आणि सर्व्हर डेटाची डिस्क माउंट करायला, म्हणजे वापरायला जोडून घ्यायला, तयार नाही. संध्याकाळी आलेल्या तंत्रज्ञाने लिनक्सवरची ईएक्सटी-४ प्रकारची फाइल सिस्टिम लहान केली होती. क्रम बरोबर होता, आधी मांडव, मग बांध. फाइल सिस्टिमचं माप बदलणाऱ्या रिसाइझ-टू-एफएसला त्याने १००जी सांगितलं आणि पार्टिशन बदलणाऱ्या पार्टेडला १००जीबी. पहिल्याचा जी १०२४च्या हिशेबाने, म्हणजे १०,७३७ कोटी बाइट. दुसऱ्याचा जीबी १०००च्या हिशेबाने, म्हणजे १०,००० कोटी. मांडवाचं सात अब्ज बाइटांचं टोक बांधाबाहेर! लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ओरडत होता, ब्लॉक २,६२,१४,४०० आणि डिव्हाइस त्याहून लहान.

मी टर्मिनल वर सरकवत गेलो. लहान करण्याआधी त्याने पार्टेडमध्ये प्रिंट दिलं होतं, जुन्या हद्दीचा आकडा तिथे शाबूत होता. तो पॅकिंग लिस्टच्या मागे पेन्सिलीने उतरवला, बांध जुन्या जागी नेला, तपासणी केली, डिस्क माउंट झाली. एक फाइल गेली नाही, कारण मोकळ्या झालेल्या जागेत अजून कुणी काही लिहिलं नव्हतं. तिथे नवी फाइल सिस्टिम बनवली असती, तर ते टोक कायमचं गेलं असतं. माझी तळमळ आहे ती त्या पेन्सिलीच्या आकड्यासाठी. मोजणीला खुणा दाखवल्याशिवाय आपण बांधाला हात लावू देत नाही, आणि इथे पार्टिशनच्या सुरुवात-शेवटाचे सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या जागांचे आकडे, न लिहिता एंटर दाबतो.

चिठ्ठी आली, चार मिनिटं उरलीत. भराभर सांगतो. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि त्यातली एक फाइल परत काढून बघा. एसएफडिस्क या आज्ञेने पार्टिशन टेबल, म्हणजे सगळ्या हद्दींची यादीही उतरवून ठेवा. ईएक्सटी-४ लहान करायची तर अनमाउंट करून ई-टू-एफएससीके ही तपासणी सक्तीने चालवा, फाइल सिस्टिम हव्या मापापेक्षा दोन-चार जीबी कमीच करा, मग पार्टिशन हव्या मापावर आणा. शेवटी रिसाइझ-टू-एफएस आकडा न देता चालवलं की ती बांधापर्यंत बरोबर पसरते. एफडिस्क या पार्टिशनच्या साधनात पार्टिशन पुसून पुन्हा बनवताना पहिला सेक्टर तोच हवा, बहुधा २०४८ असतो, पण स्वतः बघा. सिग्नेचर, म्हणजे आतल्या फाइल सिस्टिमची ओळखखूण, काढू का विचारलं तर नाही म्हणा. व्हर्च्युअल डिस्क वाढवल्यावर जीपीटी या पार्टिशन टेबलची मागची प्रत जुन्या टोकालाच राहते, पार्टेड ती दुरुस्त करू का विचारतो, तिथे हो म्हणा. एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा लवचिक वाटून देणारी व्यवस्था, असेल तर ती वाढवणाऱ्या एलव्हीएक्स्टेंडला आर हा पर्याय जोडा, बांध आणि मांडव एकदमच वाढतात, तेही चालू सर्व्हरवर. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम वाढते, लहान हवी असेल तर बॅकअप, नवी फाइल सिस्टिम आणि परत भरणा, असंच धरून चाला.

प्रश्न असतील त्यांनी थांबा. लॅपटॉपवर एका साध्या फाइलचीच डिस्क करून आणली आहे, ती आज तुमच्या हाताने लहान करून बघा. पेन्सिल माझ्याकडे आहे.