मेस्त्रींचा कारखाना

[दृश्य : खरी कॉर्नर, सकाळची रहदारी. कॅमेऱ्याचं स्मारक.]

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं एक स्मारक आहे. ज्या कॅमेऱ्यामुळे ते उभं राहिलं, तो विलायतेहून आलेला नव्हता. तो याच गावात, इथल्याच कारागिरांनी बनवला.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा. चित्रकला ते कुठल्या शाळेत शिकले नाहीत. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट, हवं ते. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. मेस्त्री बंधूंनाही चित्रपट काढायचा होता आणि त्यासाठी कॅमेरा हवा होता. त्यांनी तो स्वतःच करायला घेतला.

[दृश्य : दातेरी चाकं, हाताने फिरणारं हँडल. जवळून.]

हे काम किती अवघड, ते जरा थांबून पाहू. कॅमेऱ्यात फिल्म एक चौकट पुढे सरकायला हवी, भिंगासमोर क्षणभर अगदी निश्चल थांबायला हवी, झडप उघडून मिटायला हवी आणि मग फिल्म पुन्हा सरकायला हवी. हे सेकंदाला सोळाएक वेळा, तेही हाताने हँडल फिरवून. चाकाच्या दात्यात केसाएवढी चूक राहिली, तरी पडद्यावर माणसं थरथरतात. काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव गेले. अर्धवट राहिलेला कॅमेरा बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून पुरा केला.

कॅमेरा झाला, पण कंपनी चालवायची तर भांडवल लागणार. ते दिलं गायिका तानीबाई कागलकर यांनी. हे नाव ठळक घ्यायला हवं. एका गाणाऱ्या बाईने आपल्या कमाईचे पैसे एका पडदे रंगवणाऱ्या तरुणावर लावले, म्हणून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. फाळक्यांच्या तारामतीचं काम एका पुरुषाने केलं होतं. इथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि कमलादेवी, सुशीलादेवी झाल्या. त्या काळात याला फार मोठं धाडस लागत होतं. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वठला, की तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

[दृश्य : रंगवलेला नाटकाचा पडदा. त्याच्या शेजारी लाकडी खांब, कमान, पायऱ्या.]

बाबूरावांचं मोठेपण मला सर्वांत जास्त जाणवतं ते इथे. ज्या माणसाचं पोट पडदे रंगवण्यावर चाललं, त्यानेच चित्रपटातून रंगवलेला पडदा काढून टाकला. मागे सपाट राजवाडा टांगण्याऐवजी त्यांनी भरीव सेट उभे केले. पात्राला कमानीखालून येता यावं, पायरीवर बसता यावं, खांबाआड लपता यावं, असे. चित्रीकरणाआधी ते प्रसंगांची रेखाटनं करायचे, वेशभूषा स्वतः काढायचे, पोस्टरही स्वतः रंगवायचे. त्या वेळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, तो काळाच उमटायचा. म्हणजे समोर रंगांची दुनिया असताना ती काळ्या-पांढऱ्यात कशी उतरेल, हे डोळ्यांनी आधीच ताडावं लागे. चित्रकाराची नजर इथे कामी आली. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये तर त्यांनी सूर्यप्रकाशावर विसंबणं सोडून कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रीकरण केलं.

पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपट चालत होते, तरी १९२५ मध्ये बाबूराव 'सावकारी पाश'कडे वळले. कथा नारायण हरी आपट्यांची. कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणारा शेतकरी हा तिचा नायक. देव नाही, राजा नाही. माझ्या मते मूकपटांच्या काळातलं कोल्हापूरचं हे सर्वांत धीट पाऊल. शेतकऱ्याची ती भूमिका केली शांताराम वणकुद्रे या तरुणाने. हेच पुढचे व्ही. शांताराम.

शांताराम १९२० साली कंपनीत आले आणि पडेल ते काम करत शिकले. इथे दिग्दर्शन हे वेगळं खातं नव्हतंच. १९२७ मध्ये शांतारामांनी 'नेताजी पालकर' केला, पुढच्या वर्षी दामले आणि कंपनीतलेच फत्तेलाल यांनी 'महारथी कर्ण'.

१ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. गुरूंच्या कारखान्यातली कर्ती माणसं निघून गेली. बाबूरावांची कंपनी पुढे फार काळ टिकली नाही. १९३२ मध्ये 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला, मराठीतला पहिला बोलपट. विषय पुन्हा हरिश्चंद्राचाच, पण आता तारामती होत्या दुर्गा खोटे. वर्षभराने 'प्रभात' पुण्याला गेली.

दिग्दर्शक भालजी पेंढारकर मात्र कोल्हापुरातच राहिले. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत, १९४८ साली त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला आणि चित्रपट काढतच राहिले. १९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

[दृश्य : जुन्या मूकपटाची पट्टी, हळूहळू सरकणारी.]

आणि बाबूराव? १९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी'च्या दिग्दर्शनासाठी शांतारामांनी आपल्या गुरूंना बोलावलं. चित्रं आणि शिल्पं यांत ते अखेरपर्यंत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचा 'सैरंध्री' आज कुणालाच पाहता येत नाही. 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' यांचे काही भाग मात्र उरले आहेत. कुठे दाखवले गेले तर कोल्हापूरकरांनी वेळ काढून जावं, आणि घरातल्या मुलांनाही सोबत न्यावं.